काळं उलथनं, गळालेलं शून्य आणि ज्वालारोधकांची जोखीम

बुनसेन

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये 'केमोस्फिअर' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला आणि ठिकठिकाणी लोकांनी काळ्या प्लास्टिकची उलथनी, डाव, चिमटे उचलून कचऱ्यात टाकले. संशोधकांनी काळ्या प्लास्टिकच्या २०३ वस्तू चाळल्या होत्या. ज्यांत ब्रोमीन (बऱ्याच ज्वालारोधकांत हे मूलद्रव्य असतं) बऱ्यापैकी दिसलं अशा २० पुढच्या तपासणीला घेतल्या, त्यातल्या १७ मध्ये ज्वालारोधक रसायनं निघाली. उलथन्यात ही कुणी मुद्दाम घालत नाही. जुन्या टीव्हीच्या आणि संगणकाच्या खोक्यांचं प्लास्टिक वितळवून पुन्हा वापरलं जातं, त्याच्यासोबत ती येतात.

बातमी गाजली मात्र एका आकड्यामुळे. डेकाबीडीई नावाचं ब्रोमीनवालं ज्वालारोधक रोज पोटात जाण्याचा अंदाज होता ३४,७०० नॅनोग्रॅम. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची, म्हणजे ईपीएची मर्यादा आहे दर किलो वजनामागे रोज ७,००० नॅनोग्रॅम. मग ६० किलोच्या माणसाला किती चालेल? निबंधात छापलं होतं ४२,०००. म्हणजे आपण मर्यादेच्या ८० टक्क्यांच्या वर! पण ७,००० गुणिले ६० म्हणजे ४,२०,०००. एक शून्य गळालं होतं. ८० नव्हे, ८ टक्के. डिसेंबरमध्ये दुरुस्ती आली आणि लेखकांनी सांगितलं की आमच्या निष्कर्षाला यानं धक्का लागत नाही.

झालं. एक गट म्हणतो, 'बघा, उगाच घाबरवतात.' दुसरा म्हणतो, 'शून्य गेलं तरी विष ते विषच.' मला दोन्ही पटत नाही, म्हणून हा धागा.

आधी ते ७,००० आलं कुठून ते बघू. उंदराच्या तीन दिवसांच्या पिल्लांना डेकाबीडीईचा एकच डोस दिला गेला. पिल्लं मोठी झाल्यावर नव्या पिंजऱ्यात ती कशी वागतात, किती लवकर सरावतात, हे मोजलं. किलोमागे २.२२ मिलिग्रॅमला फरक दिसला नाही, त्याच्या वरच्या डोसला दिसला. मग २.२२ ला ३०० ने भागलं. उंदीर आणि माणूस वेगळे म्हणून १०, माणसामाणसांतही फरक म्हणून आणखी १०, आणि डोस रोज न देता एकदाच दिला होता म्हणून ३. उत्तर साधारण ०.००७ मिलिग्रॅम, तेच आपले ७,००० नॅनोग्रॅम. २००८ साली हे ठरलं आणि या आकड्यावर आपला विश्वास 'कमी' आहे अशी नोंदही ईपीएने स्वतःच करून ठेवली आहे.

म्हणजे ही रेघ कड्यासारखी नाही, की अलीकडे सुरक्षित आणि पलीकडे कपाळमोक्ष. सावधगिरी म्हणून बऱ्याच अलीकडे मारलेली, पण तुटपुंज्या माहितीवर मारलेली रेघ आहे.

माझं मत एवढंच: या रसायनांबाबत 'किती आहे' हा प्रश्न एकट्याने विचारून भागत नाही. 'जिथे आहे तिथे ते आग रोखतंय का' हा त्याच्या जोडीला हवाच. उलथन्यातलं ज्वालारोधक कुणाचाही जीव वाचवत नाही. तिथे ८ टक्केसुद्धा निव्वळ भुर्दंड आहे. सर्किट बोर्डाचा हिशेब वेगळा. तुम्हाला काय वाटतं?

तिरकस

लेख आवडला, वाचनखूण साठवली. पण मला मुळातच एक कळत नाही. इतकी भानगड आहे तर ही रसायनं घालतातच कशाला? आणि घालायचीच तर बिनविषारी का घालत नाहीत? की नेहमीप्रमाणे पैसा?

मास्टरबॅच

तिरकसराव, पैसा आहेच, पण तेवढंच नाही. माझं आयुष्य प्लास्टिक कंपाउंडिंगमध्ये, म्हणजे प्लास्टिकात इतर द्रव्यं मिसळण्याच्या कामात गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गिऱ्हाईक 'ब्रोमीन घाला' असं म्हणत कधीच येत नाही. ते म्हणतं, 'व्ही-झिरो पाहिजे.' यूएल-९४ नावाची चाचणी आहे, व्ही-झिरो हा तिच्यातला एक कडक दर्जा. प्लास्टिकची पट्टी उभी टांगायची, खालून बर्नरची ज्योत १० सेकंद धरायची, काढायची. पट्टी विझली की पुन्हा १० सेकंद. दर वेळी ज्योत काढल्यापासून १० सेकंदांच्या आत पट्टी विझली पाहिजे. पाच पट्ट्यांची मिळून जळण्याची बेरीज ५० सेकंदांच्या आत हवी. आणि खाली कापूस ठेवलेला असतो, त्यावर पेटता थेंब पडून कापूस पेटला की नापास. नुसतं एबीएस (उपकरणांच्या खोक्यांचं कडक प्लास्टिक) या चाचणीत नापासच होणार. ज्योत काढली तरी ते आरामात जळत राहतं आणि पेटते थेंब गाळत बसतं.

ब्रोमीन काम करतं ते ज्योतीत. ज्योत टिकते ती हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल या मुक्तमूलकांच्या, म्हणजे झटकन प्रतिक्रिया करणाऱ्या कणांच्या साखळीवर. तापल्यावर ब्रोमीन हायड्रोजन ब्रोमाइड होऊन सुटतं आणि ही मूलकं पकडून साखळी तोडतं. जोडीला अँटिमनी ट्रायऑक्साइड दिलं की कमी ब्रोमीनमध्ये भागतं. फॉस्फरसवाली बरीचशी रसायनं पृष्ठभागावर कोळशाचा थर धरवतात, त्यामुळे खालचा माल वाचतो.

तुमचं 'बिनविषारी' म्हणजे ॲल्युमिनियम ट्रायहायड्रॉक्साइड. आम्ही एटीएच म्हणतो. २०० अंशांच्या आसपास ते आपल्या वजनाच्या साधारण ३५ टक्के पाणी सोडतं आणि त्यात उष्णता शोषून घेतं. विषारीपणाची चिंता जवळपास नाही. मग सगळीकडे तेच का नाही? कारण केबलच्या आवरणात ते वजनाने ६० टक्क्यांपर्यंत भरावं लागतं. एवढी भुकटी भरल्यावर प्लास्टिकचा लवचिकपणा जातो. आणि नायलॉनसारखा माल २५० च्या वर वितळवावा लागतो, तोवर एटीएच मशिनमध्येच पाणी सोडून मोकळं होतं, मालात फुगे. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड ३०० च्या पुढे टिकतं, पण भरायचं तेवढंच. केबलमध्ये हे सगळं सांभाळून घेता येतं, म्हणून कमी धुराच्या, हॅलोजन (ब्रोमीन, क्लोरीन वगैरे) नसलेल्या केबली निघाल्या. पातळ भिंतीच्या कनेक्टरमध्ये नाही जमत.

आता बुनसेनच्या मुद्द्याला माझी पुरवणी. 'कुठलं रसायन' याच्याइतकंच 'ते कसं बसलंय' हे महत्त्वाचं. टीबीबीपीए हे ब्रोमीनवालं ज्वालारोधक घ्या. सर्किट बोर्डाच्या इपॉक्सी प्लास्टिकमध्ये ते रेणूंच्या साखळीचाच भाग होतं, बांधलं जातं. तेच टीबीबीपीए एबीएसच्या खोक्यात घातलं की नुसतं मिसळलेलं राहतं, हळूहळू बाहेर येऊ शकतं. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, ते २ए गटात टाकलंय, म्हणजे 'बहुधा कर्करोगकारक'. नाव एकच, पण घरातल्या माणसाची जोखीम सारखी नाही. कागदावर मात्र दोन्ही एकाच ओळीत.

बंबवाला

अग्निशमन दलातून निवृत्त झालोय. माझी बाजू ऐकून घ्या.

आगीत माणसं भाजून मरतात त्याहून जास्त धुरानं मरतात. बाहेर पडायला दोन-तीन मिनिटं जास्त मिळाली तर फरक पडतो. १९८८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने टीव्हीचं खोकं, कार्यालयीन यंत्राचं खोकं, गादीची खुर्ची, केबल आणि सर्किट बोर्ड अशा पाच प्रकारच्या वस्तू ज्वालारोधकासह आणि त्याशिवाय जाळून पाहिल्या. ज्वालारोधकवाल्यांत बाहेर पडायला १५ पट जास्त वेळ मिळाला. त्यामुळे 'ही रसायनं काहीच करत नाहीत' असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

पण. हा 'पण' मोठा आहे. त्या चाचणीतल्या मालात ज्वालारोधकाचं प्रमाण भरपूर होतं, घरातल्या सोफ्यात असतं त्याच्या किती तरी पट. पुढे उद्योगाने तोच १५ चा आकडा सोफ्याच्या फोमसाठी मिरवला. कॅलिफोर्नियाचा १९७५ चा टीबी-११७ हा नियम काय सांगत होता? उघड्या फोमला छोट्या ज्योतीपुढे १२ सेकंद टिकायला हवं. अहो, सोफ्यात फोम उघडा कुठे असतो? आधी कापड पेटतं. कापड पेटून ज्वाळा फोमपर्यंत पोचतात तोवर त्या एवढ्या मोठ्या झालेल्या असतात की फोममधल्या तीन-पाच टक्क्यांना त्या जुमानत नाहीत. पुन्हा सोफे बरेचदा पेटतात ते धुमसत्या सिगारेटनं, ज्योतीनं नव्हे. शेवटी २०१३ मध्ये नियम बदलला, धुमसण्याची चाचणी आली. ती योग्य कापडाने किंवा मधल्या अस्तराने, रसायन न घालता पार होते. २०२१ पासून तोच नियम अमेरिकाभर लागू आहे. म्हणजे जवळपास चाळीस वर्षं घरोघरी किलोकिलोनं रसायन बसवलं आणि आगीच्या हिशेबात त्यातून फारसं हाती आलं नाही.

आणि ब्रोमीन साखळी अर्धवट तोडतं म्हणजे जळणही अर्धवट. जेव्हा तरीही आग भडकते तेव्हा काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त, शिवाय हायड्रोजन ब्रोमाइड. हे आमच्या लोकांच्या फुफ्फुसात जातं. आयएआरसीने २०२२ मध्ये अग्निशमनाचं काम हेच पहिल्या गटात, म्हणजे नक्की कर्करोगकारक, असं धरलं. सगळा दोष ज्वालारोधकांचा नाही, धुरात शंभर गोष्टी असतात. तरी आमच्याकडे आता आग विझवून आलं की अंगावरचा पोशाख धुतल्याशिवाय गाडीत बसायचं नाही, हे सक्तीनं पाळतात.

दोन_पिल्लांची_आई

सगळे फार छान लिहिताय, पण मला एवढंच सांगा: माझं धाकटं रांगतंय. फोमची गादी आहे, गाडीत बाळाचं सीट आहे. काय टाकू आणि काय ठेवू?

बुनसेन

ताई, सीट टाकू नका. अपघाताची जोखीम आणि ही जोखीम यांची बरोबरीच होत नाही. गाडीच्या आतल्या सामानाला बऱ्याच देशांत ज्वलनशीलतेचा नियम लागू असतो. अमेरिकी नियमात कापड किंवा फोम आडवा जळताना मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगानं जळता कामा नये. म्हणून गाडीत ही रसायनं असतातच, आणि गाडी तापली की हवेत जास्त येतात. उन्हात उभी केलेली गाडी आधी दारं उघडून हवा बदलू द्यायची, मग बाळाला बसवायचं. सीट गाडीच्या बाहेर घरात झोपायला वापरू नका, बस.

घरातला खरा मार्ग धुळीचा आहे. नुसती मिसळलेली रसायनं फोममधून, प्लास्टिकमधून सुटतात आणि घरातल्या धुळीला चिकटतात. रांगणारं मूल दिवसभर जमिनीवर, हात तोंडात. म्हणून किलोमागे हिशेब केला तर आपल्यापेक्षा त्याच्या पोटात जास्त जातं. करण्यासारखं काम अगदीच साधं: ओल्या फडक्यानं पुसायचं (कोरड्या झाडूनं धूळ नुसती उडते), खाण्याआधी त्याचे आणि आपलेही हात साबणानं धुवायचे. बायकांच्या एका छोट्या गटावर हा प्रयोग झालाय, आठवडाभर हात धुणं आणि साफसफाई वाढवली तर शरीरातलं प्रमाण मोजण्याइतकं खाली आलं.

गादीचं कव्हर फाटून आतला फोम दिसत असेल, चुरा पडत असेल तर ती बदला, विशेषतः २००५ च्या आधीची असेल तर. कव्हर धड असेल तर घाई नाही. आणि काळं उलथनं तापलेल्या तेलात ठेवून देऊ नका. बदलायचंच असेल तर लाकडी किंवा स्टीलचं घ्या, पण त्यासाठी झोप उडवून घेऊ नका.

शंकासुर

२००५ च्या आधीची म्हणालात ते पेंटाबीडीईमुळे ना? हा इतिहास कुणी तरी लिहायलाच हवा होता, मी लिहितो.

१९७३, मिशिगन. पीबीबी नावाचं ब्रोमीनचं ज्वालारोधक आणि जनावरांच्या खाद्यात घालायचं मॅग्नेशियम ऑक्साइड, दोन्ही एकाच कंपनीचा माल. पोत्यांची अदलाबदल झाली आणि ज्वालारोधक खाद्यात गेलं. सुमारे ३०,००० गुरं आणि १५ लाख कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, पण कळेपर्यंत दूध-मांस लाखो लोकांच्या पोटात गेलं होतं. पीबीबी मागे पडलं, पीबीडीई पुढे आलं. त्याचे प्रकार: पेंटाबीडीई सोफ्यांच्या फोममध्ये, डेकाबीडीई टीव्हीच्या खोक्यांत.

दुसरीकडे लहान मुलांच्या रात्रीच्या कपड्यांत ब्रोमीनवालं 'ट्रिस' होतं. आर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स यांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं की ते डीएनएत बदल घडवतं. त्याच वर्षी ते बंद झालं. जागा कुणी घेतली? क्लोरीनवाल्या ट्रिसने. तेही कपड्यांतून लवकरच गेलं, पण २००४ च्या अखेरीस अमेरिकेत पेंटाबीडीईचं उत्पादन थांबल्यावर फोममध्ये दणक्यात आलं. २०११ मध्ये फोम असलेल्या १०१ बाळवस्तू तपासल्या तर ८० टक्क्यांत ज्वालारोधक निघाली आणि सगळ्यात जास्त वेळा हेच क्लोरीनवालं ट्रिस. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने त्याला कर्करोगकारकांच्या यादीत घातलं.

स्वीडनमध्ये आईच्या दुधाचे जुने नमुने गोठवून ठेवलेले होते. ते तपासल्यावर दिसलं की १९७२ ते १९९७ या काळात त्यातलं पीबीडीई साधारण दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेलं. त्याच काळात पीसीबी, डीडीटी ही जुनी विषारी रसायनं खाली येत होती. नंतर वापर घटला तसं हेही उतरलं. टिकाऊ विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात पेंटा आणि ऑक्टा २००९ मध्ये, एचबीसीडी (आणखी एक ब्रोमीनवालं) २०१३ मध्ये, डेका २०१७ मध्ये आलं. चार-चार वर्षं एकेका नावामागे धावायचं, आणि तोवर कारखाना पुढच्या नावावर गेलेला.

म्हणून मला बुनसेनचा '८ टक्के' हा हिशेबच अपुरा वाटतो. एका रसायनाचे ८ टक्के. उरलेल्यांचं काय? बीडीई-४७ (पेंटाबीडीईतला एक मोठा घटक) ची ईपीएची मर्यादा किलोमागे १०० नॅनोग्रॅम आहे, डेकाच्या सत्तरावा हिस्सा. डेका रक्तातून पंधरा दिवसांत निम्मं होतं, बीडीई-४७ ला वर्षं लागतात. आणि उन्हात डेकाचे ब्रोमीन गळून तेच हळूहळू अशा लहान भावंडांत बदलतं. अख्ख्या कुटुंबावर एकदम बंदी घाला, मोकळे व्हा.

मास्टरबॅच

शंकासुर, इतिहास बिनतोड. पण 'अख्खं कुटुंब' म्हणताना जरा थांबा. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीला नेमका हाच प्रश्न विचारला होता: हॅलोजनवाली सगळी सेंद्रिय ज्वालारोधकं एकच वर्ग मानून जोखीम ठरवता येईल का? समितीने १६१ रसायनं काढली आणि २०१९ मध्ये उत्तर दिलं, एक वर्ग नाही होत, पण १४ उपवर्ग होतात, आणि एकेक करत बसण्यापेक्षा उपवर्गानं जा. मला हे पटतं. युरोपच्या रसायन संस्थेनेही २०२३ मध्ये तोच रस्ता धरला, ब्रोमीनवाल्या ॲरोमॅटिक ज्वालारोधकांकडे गट म्हणून बघायचं ठरवलं. पॉलिमरमध्ये बांधलेलं आणि सुटं, हा भेद त्यांनाही करावा लागतोय.

आणि सरसकट बंदी घातलीत की उद्या सगळे फॉस्फेट एस्टरकडे जाणार. गेलेच आहेत. २०२४ मध्ये १०१ गाड्यांच्या आतली हवा तपासली तर ९९ टक्के गाड्यांत टीसीआयपीपी निघालं, तेही क्लोरीन असलेलं फॉस्फेट. ब्रोमीनवाल्यांपेक्षा हे शरीरातून लवकर जातं खरं, पण हवेत जास्त सुटतं.

शंकासुर

उपवर्ग चालेल. पण मग ओझं उलटं टाका. ज्याला घालायचंय त्याने आधी दाखवावं की या वस्तूत, या जागी, आगीत खरोखर फरक पडतो. नाही दाखवता आला तर घालू नये. विषारीपणाचा अभ्यास त्यानंतरची गोष्ट.

बंबवाला

याला माझं +१. आणि दाखवताना पूर्ण वस्तू जाळून दाखवा, सुटा फोम नाही.

तिरकस

वाद रंगलाय, पण उलथन्याचं मूळ राहिलंच. जुन्या टीव्हीतलं प्लास्टिक स्वयंपाकघरात येतंच कसं? वेगळं काढता येत नाही का?

मास्टरबॅच

येतं, पण काळं सगळ्यात अवघड. भंगार वर्गीकरणाची बहुतेक यंत्रं जवळच्या अवरक्त किरणांनी प्लास्टिक ओळखतात. काळ्या रंगासाठी घातलेला कार्बन ब्लॅक ते किरण गिळून टाकतो, यंत्राला पट्ट्यावर काही दिसतच नाही. मग घनतेवर काढतात. ब्रोमीन जड, म्हणून खारट पाण्याच्या टाकीत ब्रोमीनवाले तुकडे बुडतात आणि साधं एबीएस, पॉलिस्टायरीन तरंगतं. पण काचतंतू भरलेला माल ब्रोमीन नसताना बुडतो, आणि थोडंसंच ब्रोमीन असलेला तुकडा तरंगून निसटतो. तिसरा मार्ग म्हणजे क्ष-किरणांची हातातली बंदूक. तुकड्यावर टेकवली की काही सेकंदांत ब्रोमीन किती पीपीएम (दहा लाखांत किती भाग) ते सांगते. मात्र ती मूलद्रव्य मोजते, संयुग नाही. समोरचं ब्रोमीन बंदी असलेल्या डेकाचं की चालू असलेल्या टीबीबीपीएचं, हे तिला कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते आणि भंगाराच्या भावात तो खर्च कुणी करत नाही.

उलथन्यात ब्रोमीन आणि अँटिमनी दोन्ही सापडले तर समजायचं, हा माल इलेक्ट्रॉनिक भंगारातून आलाय. उलथन्यात त्या दोघांना काही काम नाही.

दोन_पिल्लांची_आई

आणि बदललेली गादी, टाकलेलं उलथनं, हे जाळलं तर?

मास्टरबॅच

उघड्यावर अजिबात नाही. कमी तापमानाला, त्यात तारांचं तांबं असेल तर आणखीच, ब्रोमीनवाली डायॉक्सिनं आणि फ्युरानं ही अत्यंत विषारी संयुगं तयार होतात. युरोपात कचरा जाळणाऱ्या भट्टीला ८५० अंश राखावे लागतात, आणि घातक कचऱ्यात हॅलोजन एक टक्क्याच्या वर असेल तर ११००, तेही किमान दोन सेकंद. घरामागच्या ढिगाऱ्यात हे होत नाही. एक-दोन उलथनी साध्या कचऱ्यात गेली तरी चालतील, पुनर्वापराच्या डब्यात मात्र टाकू नका, नाही तर पुन्हा कुणाच्या तरी उलथन्यात जातील. जुन्या फोमच्या गादीचंही तेच, तुकडे करून उशीत भरायला कुणाला देऊ नका.